मावशीच्या तीन बाटल्या

विंझरहून कार्ड आलं, तोवर तानूमावशीचा दहावाही होऊन गेला होता. घरी रडायलाही कुणी उरलं नव्हतं. ना मूल, ना नवरा... आणि भाचा म्हणून मी एकटा, तो पुण्यात.

वैशाखात ती करवंदाचं सरबत करायची. दवाखान्यातल्या जुन्या काचेच्या बाटल्या उकळायची, उन्हात वाळवायची आणि बुचावर मेण ओतायची. काच एसटीत कुणाच्या हाती द्यायची तिला धास्ती, म्हणून बाटल्या न्यायला मीच जायचो. दोन दिवस राहायचो आणि येताना पिशवी मांडीवर घेऊन बसायचो. पुढं कारखान्यातली नोकरी लागली, आणि मला तेवढीही सवड जड वाटायला लागली. मी प्लॅस्टिकचा पांढरा डबा धाडला. म्हटलं, "आता फुटायची भीती नाही, कंडक्टरकडे दे." स्वतःच्या हुशारीवर खूशही होतो!

पहिल्याच वर्षी सरबताला डब्याचा वास लागला. घोटभर पिऊन बाकीचं मी मोरीत ओतलं आणि मावशीला लिहिलं, 'फक्कड झालंय.' खरं लिहिलं असतं तर बाटल्या न्यायला जावं लागलं असतं. तीन वर्षं डबा येत राहिला, मी ओतत राहिलो. मी गेलो मात्र एकदाही नाही.

महिन्याभरानं घर आवरायला गेलो. शेजारच्या कोंडाबाईंनी तांदळाच्या कणगीत हात घातला आणि तीन बाटल्या काढून माझ्यापुढं ठेवल्या.

"दर साली एक तुमच्यासाठी ठिवायच्या. म्हनायच्या, त्यो आला तर डब्यातलं कसं देऊ? लई वास मारतंय."

"तिला ठाऊक होतं?"

"व्हय की. पर म्हनायच्या, त्याला आवडतंय म्हनून लिवलंय, तर तसंच धाडायचं."

मी तिन्ही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. मग सगळ्यात जुनी बाटली उघडली. रंग काळपट झाला होता, पण चव तीच... वास नुसता करवंदाचा. कोंडाबाईंनी पेला पुढं केला, तरी मला तो घोट एकट्यानंच घ्यावासा वाटला. मोरीत ओतलेलं आठवून त्यांच्यासमोर प्यायची लाज वाटत होती.

परतताना उरलेल्या दोन बाटल्या पिशवीत घालून मांडीवर घेतल्या. कंडक्टर म्हणाला, "वर ठेवा की." मी नको म्हटलं. गाडी हादरली की हात आपसूक बुचावर जात होता.