दामूच्या सदऱ्याची बाही

गौतमी आठवडाभर हिंजवडीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची आणि सुट्टीला कासार आंबोलीत येऊन आईवर फिल्म करायची. आई म्हणजे प्रभावती, गावची शिवणवाली. बुद्धपौर्णिमेला विहारात येणाऱ्या निम्म्या पोरींचे पांढरे फ्रॉक तिच्या मशीनवरचे. माप ती टेपनं नाही, वितीनं घेते.

फिल्म कशी करतात, हे गौतमीला कुणी शिकवलं नव्हतं. कल्पनेपासून प्रदर्शनापर्यंत बोट धरून नेणारं एक सॉफ्टवेअर तिनं घेतलं होतं. पटकथा, शूटिंगचं वेळापत्रक, एडिटिंग, सगळं त्यानं नीट करून घेतलं; खोटं कशाला बोला. शेवटच्या पायरीवर मात्र त्यानं रंग दाखवला. "शंभरात गुण अडतीस. नायिकेवर अन्याय झालेला दिसत नाही. अशा समाजावरच्या फिल्ममध्ये प्रेक्षक तो शोधतात."

अशा समाजावरच्या! विहार दिसला, निळा झेंडा दिसला आणि या दीडशहाण्यानं बाईचं दुःख परस्पर ठरवून टाकलं.

उपायही तयार होता. गौतमीनं बाजूला ठेवलेला, प्रभावती रडतानाचा एक तुकडा त्यानं हुडकून काढला, त्यातलं बोलणं कापलं, त्यावर 'जातीय अत्याचार' अशी चिठ्ठी लावली आणि फिल्मच्या सुरुवातीला जोडायला सांगितला. जोडला की गुण चौऱ्याऐंशी. साठच्या खाली ते फिल्म महोत्सवाला पाठवतच नव्हतं, आणि मुदत त्याच संध्याकाळी सहाला संपत होती.

गौतमीच्या अंगाची लाही लाही झाली. आई रडली होती ती दामूची, वारलेल्या नवऱ्याची, गोष्ट सांगताना. लग्नानंतर तिनं त्याला पहिला सदरा शिवला, एक बाही आखूड झाली, आणि हा बाबा जन्मभर प्रत्येक लग्नकार्याला तोच घालून गेला. अत्याचार म्हणे! गावानं काही केलंच नव्हतं असं नाही. पण ते कधी आणि कुणाला सांगायचं, हे प्रभावती ठरवेल की हे यंत्र?

तरी बोट बटणाकडे गेलंच. दोन वर्षांची मेहनत होती. तू रडलेली ते फिल्ममध्ये लावू का, असं तिनं आईला विचारलं.

प्रभावतीनं मशीन थांबवलं. "लाव की. सदऱ्याचं ऐकून लई हसतील."

"सदरा नको म्हणतंय ते, आई. नुसतं रडणं पायजे त्येला."

"मग न्हाई. माजा नवरा पुसून माजं रडणं दाखवाया निघालीस व्हय गं?"

सहा वाजून गेले. गौतमीनं लॅपटॉप मिटला.

पौर्णिमेला विहाराच्या भिंतीवर फिल्म लागली, तो तुकडा बोलण्यासकट जोडून. पुढे नव्या फ्रॉकमधल्या पोरी बसल्या होत्या. आखूड बाहीची गोष्ट आली तसा सगळा विहार खदखदून हसला, आणि प्रभावतीनं हसता हसता पदरानं डोळे पुसले. मागे उभ्या गौतमीचा राग अजून उतरला नव्हता, आणि तो उतरावा असं तिला वाटतही नव्हतं.