मदरबोर्डवरचं कुंकू

भंगारात द्यायला काढलेला जुना कॉम्प्युटर उघडला आणि धुळीचा ओळखीचा वास आला.

नव्वदच्या दशकात, वडूजच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात, अख्खा नवा कॉम्प्युटर परवडेना. म्हणून सांगलीहून फक्त प्रोसेसर आणि मदरबोर्ड आणून मी याच जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यात बसवले. पूजेचं ताट घेऊन आलेली आई डब्याकडं बघतच राहिली.

"ह्यो तर जुनाच हाय की रं!"

"अगं, नवं आत हाय."

"मग उघड की."

तिनं ओल्या बोटानं मदरबोर्डच्या कडेला अलगद कुंकू टेकवलं. ती घरी गेल्यावर, शॉर्ट होईल या भीतीनं मी ते पुसलं.

आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आज चष्मा लावून मी कड न् कड शोधली. लाल कणसुद्धा नाही. फार चोख पुसलं होतं मी.