सुक्या माशाचा तुकडा

२०१७च्या उन्हाळ्यात नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेला जाणाऱ्या बोटीवर ती म्हातारी माझ्याशेजारी बसली होती. नाव मी विचारलं नाही. काठावरच्या गावांत लाकडी मांडवांवर मासे वाळत होते. तिने कोटाच्या खिशातून सुक्या माशाचा तुकडा काढला, मोडला आणि अर्धा माझ्यापुढे धरला. बाकावरचे दोघे नाक मुरडून उठले. ओशाळून मीही उठणार होतो. ती पाय पसरत मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "बस रे. आता ऐसपैस जागा झाली."

आईने एकदा परदेशातल्या, मिल्टनच्या आमच्या घरी वसईहून आणलेले बोंबील भाजले होते. शेजारी काय म्हणतील म्हणून मी तिच्यासमोर सगळी पिशवी कचऱ्यात टाकली. खरं तर कुणी तक्रार केली नव्हती. लाज माझीच होती. आई वसईला परत गेली, ती पुन्हा आली नाही. बोलावलं की म्हणायची, गुडघे दुखतात.

बोटीवर तो तुकडा चघळतच मी आईला फोन लावला.

"यंदा ये आई. येताना बोंबील आण."

"आणि तुझे शेजारी?"

"त्यांनाही जेवायला बोलावू."

"मग जास्तच आणते," ती म्हणाली. गुडघ्यांचं नावही तिने काढलं नाही.