साडूंचा ताजा सुशीला

परभणी जिल्ह्यात आमच्या साडूंकडून कापड न घेतलेला माणूस एखादे वेळी सापडेल, पण ज्याच्या अंगावरचे कापड साडूंनी दोन बोटांत धरून चुरून पाहिले नाही, असा माणूस सापडणार नाही. मानवतच्या बाजारपेठेतल्या एका कापडदुकानात त्यांची हयात गेली. त्यामुळे रामराम करायच्या आधीच त्यांचा हात समोरच्याच्या बाहीवर जातो. "सुती हाय. एका धुण्यात वीतभर आटल," एवढे सांगून मग ते खुशाली विचारतात. माझ्या लग्नात अंतरपाट धरायचा मान त्यांना मिळाला, कारण माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांच्या घरात. मंगलाष्टके ऐन रंगात असताना त्यांनी भटजींना सांगितले, की पोत बरा आहे पण काठ मागून शिवलेला दिसतो. सासऱ्यांचा चेहरा पडला. अंतरपाट मी विकत आणलेला नव्हता, तरी मान मीच खाली घातली. तो माझा स्वभावच आहे. साडू म्हणतात, "आमच्या साडूभाऊंच्या दारात पाऊस पडला न्हाई, तरी हे ढगाची माफी मागतेत."

दुकानात साडी दाखवायची त्यांची रीत अशी, की साडी आधी स्वतःच्या अंगावर नेसायची. धोतरावरूनच निऱ्या काढायच्या, पदर खांद्यावर टाकायचा, आणि मान किंचित वाकडी करून गिऱ्हाईक बाईकडे बघायचे. पाथरीची एक बाई साडी घेऊन गेली आणि दुसऱ्या बाजाराला परत घेऊन आली. म्हणाली, "भाऊ, ही तुमच्यावर लय खुलली व्हती. माझ्यावर न्हाई खुलत." साडूंनी साडी परत घेतली आणि महिनाभर ही तक्रार पाहुण्यारावळ्यांना अभिमानाने सांगितली.

असा माणूस रंगमंचावर चढणारच. गणपतीत ते आणि एक गुरुजी मिळून छोट्या छोट्या नकला करीत. गुरुजी मानवतजवळच्या एका खेड्यातल्या बौद्ध कुटुंबातले, प्राथमिक शाळेत शिकवणारे. अंगाने काडीसारखे, आवाजाने मात्र नगारा. पडदा ओढायचे काम माझ्याकडे होते. एकदा मी तो अर्ध्या वाक्यावर ओढला आणि आठ दिवस मला अन्न गेले नाही. कार्यक्रमाचे नाव साडूंनीच ठेवले होते: 'ताजा सुशीला'. मुरमुरे भिजवून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन जो सुशीला आमच्याकडे घरोघरी होतो, तोच हा. हाताला लागेल ते टाकायचे आणि गरम आहे तोवर वाढायचे. आमच्या लोकांना नावाचा अर्थ सांगावा लागत नसे. पण एका साली कोकणातून नवे फौजदार बदलून आले आणि साडू परवानगीला गेले.

"ही सुशीला कोण? कुठली?" फौजदारांनी विचारले.

"साहेब, ती न्हाई. तो."

फौजदारांनी लेखणी खाली ठेवली. "तो?"

"हां. ताजा."

"मग तर परवानगी मुळीच मिळायची नाही," फौजदार म्हणाले. शेवटी साडूंनी घरून ताटली मागवून सुशीला त्यांच्या टेबलावर ठेवला, तेव्हा सही झाली. फौजदार पुढे पहिल्या रांगेत बसू लागले.

सगळ्यात गाजली ती पाटील आणि गडी यांची नक्कल. साडू पाटील होऊन खुर्चीत बसत, गुरुजी गडी होऊन समोर उभे राहत.

"बैल कुठं हाय रे?"

"गोठ्यात, मालक."

"आन् गोठा?"

"बैलाभोवती."

"आन् तू?"

"मी तुमच्याम्होरं हाय, मालक. म्हून तर तुमाला बैल दिसंना!"

यावर लोक असे हसत, की मंडपाचे बांबू हलत. गावात कुणाची किल्ली हरवली तरी 'गोठ्यात' हेच उत्तर मिळे. धान्याच्या मोंढ्यातले हमाल पोती उचलताना हे संवाद म्हणत.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. गुरुजींच्या खेड्यातही बौद्धांची घरे जळाली. त्यांत त्यांचे घर होते. गुरुजी बायको-मुले घेऊन निघून गेले, जिंतूरकडे बदली करून घेतली, एवढेच आमच्या कानावर आले. त्या साली 'सुशीला' झाला नाही. पुढेही नाही.

दुसरा गडी मिळाला असता. एक-दोघे साडूंकडे येऊनही गेले. साडूंनी त्यांच्या सदऱ्याचे कापड तेवढे तपासले आणि परत पाठवले. पण लग्नाकार्यात लोक आग्रह करीत, तेव्हा ते खुर्ची ओढून बसत आणि एकट्यानेच नक्कल करीत. म्हणजे अर्धी. "बैल कुठं हाय रे?" असे विचारीत आणि गप्प राहत. गुरुजींना उत्तर द्यायला जेवढा वेळ लागे, तेवढाच वेळ. मग, "आन् गोठा?" पुन्हा गप्प. उत्तरे सगळ्यांना पाठ होती, त्यामुळे लोक त्या गप्प राहण्यालाच हसत. मीही हसत असे, आणि घरी येताना मला वाईट वाटे.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या साली गणेश मंडळाची पोरे साडूंकडे आली. लहानपणी सतरंजीवर झोपेला येत त्यांनी 'सुशीला' पाहिला होता; आता त्यांना मिशा होत्या. "पुन्हा करू या, काका. सगळं जसंच्या तसं." साडू म्हणाले, "गुरुजी आले तर. न्हाई आले तर माझ्या मर्तिकालाबी नक्कल मागू नका."

जिंतूरला बस बदलून आम्ही दोघे चारठाण्याला गुरुजींच्या घरी गेलो. एरवी बसमध्ये साडू शेजारच्याचा पटका तपासतात, त्या दिवशी हात मांडीखाली धरून बसले होते. गुरुजी शाळेतून नुकतेच आले होते. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. पाणी आले, चहा आला. साडूंनी मंडळाचे सांगितले. गुरुजींनी सगळे ऐकून घेतले.

"सोळा वर्सं झाली, भाऊ. तवा आला न्हाईत."

साडू इतके हजरजबाबी, पण मला वाटले आता त्यांनी काही विनोद करू नये. साडूंनी कप खाली ठेवला.

"भ्यालो," ते म्हणाले.

मी तोंड उघडले, पण माझी माफी गुरुजींनी हाताने थांबवली. "तुमी नका आता सुरू करू," ते म्हणाले, आणि आतून त्यांच्या मंडळी हसल्या. मग ते साडूंकडे वळले. "येतो. पण पाटील मी."

साडू एकदम दुकानातले झाले. "गुरुजी, तोट्याचा सौदा हाय. हशा सगळा गड्याला. पाटलाला निस्ते सवाल."

"हसवून लय झालं, भाऊ. आता एकदा खुर्चीत बसून बघतो."

परतीच्या वाटेवर साडू घाबरले होते, हे सांगायला हवे. गड्याचे संवाद त्यांना येत होते. इतकी वर्षे ते मनात तेच तर म्हणत होते. भीती लोकांची होती. गुरुजी पाटलाच्या खुर्चीत बसले आणि कुणी काही बोलले तर? कुणी उठून गेले तर? "साडूभाऊ, कुणी शिटी मारली तर मी काय करू?" असे त्यांनी मला जिंतूरपर्यंत विचारले.

गणपतीत पडदा मीच उघडला. खुर्चीत गुरुजी, डोक्याला साडूंनी दुकानातून आणलेला गुलाबी फेटा. समोर साडू, खांद्यावर घोंगडी. लोक या खुर्चीकडून त्या घोंगडीकडे बघत होते. मागे दोघे-तिघे उठले.

"बैल कुठं हाय रे?" गुरुजींचा नगारा वाजला.

साडू गप्प.

विसरले नव्हते. त्या प्रश्नानंतर गप्प राहायची सवय लागली होती, तिने घात केला. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. एक क्षण गेला, दुसरा गेला, आणि मंडपातून कुणी तरी बाई ओरडली, "आवं, गोठ्यात!"

हशा फुटला. उठलेले दोघे-तिघे खांबाला टेकून उभे राहिले.

"आन् गोठा?" गुरुजींनी साडूंकडे नव्हे, मंडपाकडे बघून विचारले.

"बैलाभोवती!" अख्खे मानवत म्हणाले.

"आन् तू?" आता ते साडूंकडे वळले.

"मी तुमच्याम्होरं हाय, मालक," साडूंचा आवाज फुटला, "म्हून तर तुमाला बैल दिसंना!" बांबू हलले. नक्कल तिथे संपते. मी दोरीला हात घातला, तर गुरुजींनी खुर्चीतूनच बोट वर केले. थांब. त्यांनी पायावर पाय टाकला, फेटा सारखा केला आणि म्हणाले, "बसतो की जरा. घाई काय हाय?" साऱ्या कार्यक्रमात एवढा हशा दुसऱ्या कशाला पडला नाही. कितीतरी वेळ मी दोरी धरून उभा होतो. साडू घोंगडी टाकून खाली बसले, खुर्चीच्या पायाशी टेकून, आणि लोकांबरोबर तेही हसत होते.

सकाळी गुरुजींना बसवर सोडायला गेलो. पानटपरीवरून कुणी तरी हाक मारली, "रामराम, पाटील!" गुरुजींनी हात वर करून "जय भीम!" म्हटले, आणि टपरीवरूनही "जय भीम!" आले. साडूंनी त्यांची पिशवी उचलली. "पाटलाची पिशवी गड्यानंच न्यावी."

"द्या हिकडं," गुरुजी म्हणाले. "नक्कल रात्रीच संपली."

साडूंनी पिशवी दिली. बस सुरू झाली तेव्हा गुरुजींनी खिडकीतून विचारले, "फुडल्या साली पाटील कोण?"

"चिठ्ठी टाकू!" साडू धावत धावत ओरडले.

बस वळली, धूळ बसली, तरी ते रस्त्याच्या मधोमध उभे होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चला, दुकान उघडायचं हाय." त्यांचा आवाज बसला होता. रात्री ओरडल्यामुळे असेल, असे मी धरून चाललो.