पांढऱ्या फुलांनी टाकी रिकामी केली

काय सांगू तुम्हाला, अशी फजिती वैऱ्याचीही होऊ नये! आणि दोष कुणाचा? माझ्याच डोळ्यांचा.

मी भिवंडीत कापडाचा चेकर. ताग्यात एक धागा फिकट निघाला तरी माझ्या नजरेतून सुटत नाही. मग घरापुढच्या बागेत मी कुणाचं ऐकतोय? मागे पिवळ्या पानांचा ड्युरांटा, पुढे जांभळ्या पानांची रांग आणि मधोमध नर्सरीतून नवीन आणलेलं झाड, फक्त पांढऱ्या फुलांचं. दुसरा रंग चालणारच नाही!

शुक्रवारी सुट्टी. टाकीतलं पाणी झाडांना घातलं. पहिलीच फुलं उमलली होती, दुधासारखी. जेवून बाहेर येतो तर काय, गुलाबी!

आमच्या नळाची पाइपलाइन येते डाइंग कारखान्याच्या गटाराला खेटून. पाण्यात रंग उतरला, दुसरं काय? आणि बायकोला सातवा महिना.

"सुनंदा, ते पाणी पिऊ नकोस!" मी ओरडलो.

"का? छान गार आहे," ती म्हणाली. ग्लास तोंडालाच.

टाकी तीन घरांची सामाईक. शेजारचे लूमवाले रफीकभाई झाकण उघडून वाकले. "अरे भाय, पानी तो एकदम साफ है!"

"म्हणूनच तर भीती! रंग दिसला असता तर सावध तरी झालो असतो."

चार वाजता फुलं लालभडक. विष वाढत होतं! रफीकभाई नको नको म्हणत असताना मी टाकीचा खालचा नळ सोडला. तीन घरांचं पाणी भडाभडा गटारात.

"आता दवाखान्यात चल," मी सुनंदाला म्हटलं. खरं सांगतो, रडायचा बाकी होतो.

"येते. आधी झाड दिलं त्यांना तरी विचारा."

अंबाडी गावच्या नर्सरीवाल्या वनिताताईंना फोन लावला, स्पीकरवर. भोवती तिन्ही घरं श्वास रोखून उभी.

"ताई, फूल लाल झालं हो!"

"झाला ना? मंग बेस झाला! सकाळी पांढरा, दुपारी गुलाबी, सांजचा लाल. त्या झाडाची जातच तशी हाय. लाल न्हाय झाला तर भ्यायचा!"

सगळे रिकाम्या टाकीकडे बघू लागले. नळाला पाणी परवा येणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही घरांचं पाणी गल्लीच्या टोकाच्या बोअरवरून मीच वाहत होतो. नवी फुलं उमलली होती, पांढरीशुभ्र. कुंपणावरून रफीकभाई ओरडले, "चेकरसाब, अभी तो सफेद है. घबराने को चार बजे आना!"