न पोहोचलेली नोंद

अल्का बन्सोडला राग लवकर येतो, असं तिच्या गावात कोणीही सांगेल. तीही नाकारत नाही. "येते राग. मंग?" एवढंच म्हणते.

गोंदिया जिल्ह्यात, सडक अर्जुनीपासून आत, जंगलाला टेकलेल्या गावात ती राहते. वय अडतीस. सहा वर्षांची असल्यापासून आईबरोबर तेंदूपत्ता तोडायला, मोहफुलं वेचायला जंगलात जात आली. कोणत्या नाल्यात एप्रिलपर्यंत पाणी टिकतं, रानडुकरं कोणत्या वाटेनं धानाच्या बांध्यांत उतरतात, हे तिला पाठ. या माहितीवरच अकरा वर्षांपूर्वी ती वनखात्याच्या गस्तीला रोजंदारीवर लागली. जोडीला घनश्याम. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, गरजेपुरतं बोलणारा.

दोन वर्षांपूर्वी प्रत्येक जोडीला एक फोन मिळाला. त्यात जंगलाचा नकाशा. पाऊलखूण दिसली, फासा दिसला, झाड तोडलेलं दिसलं, की त्या जागेवर बोट ठेवायचं, फोटो काढायचा, नोंद करायची. हिरवी खूण उमटली की काम झालं. मुळात हा नकाशा परदेशातल्या शिकाऱ्यांसाठी बनवलेला. नागपूरच्या एका कंपनीनं तो घेऊन मराठीत आणला होता. पण आणताना एक पाटी तशीच राहिली होती: 'शिकार नोंदवा'. अल्का ते वाचून पहिल्याच दिवशी भडकली. घनश्याम हसला. "आपुन शिकारी झालो म्हना ना, बाई."

वनखात्याच्या साहेबांनी सांगितलं होतं, "आता फोनाफोनी बंद. ॲपवर टाकलं की ऑफिसात दिसतं."

मार्चमधल्या एका सोमवारी नाल्याजवळच्या विजेच्या खांबापासून पाण्यापर्यंत अल्काला बांबूच्या ताज्या खुंट्या दिसल्या. दीड-दीड हात उंच, एका ओळीत. याचा अर्थ जंगलातल्या लहान पोरालाही कळतो. लाईनवर आकडा टाकायचा, खुंट्यांवरून उघडी तार न्यायची आणि पाण्यावर येणाऱ्या जनावराची वाट पाहायची. तिनं सगळ्या खुंट्या उपटल्या, फोटो काढला, नोंद केली. हिरवी खूण आली. आता ऑफिसातून माणसं येतील, वीजवाल्यांना कळवतील, पहारा बसेल, असं धरून ती पुढे गेली.

कोणी आलं नाही.

गुरुवारी सकाळी दोघं पुन्हा त्या बाजूला गेले. या वेळी तार खांबाच्या दुसऱ्या अंगानं, झुडपातून नेली होती, आणि लावणाऱ्यांनी आकडा काढलाच नव्हता. घनश्यामनं वाटेतली फांदी बाजूला करायला हात घातला आणि तो तारेला चिकटला. अल्कानं कोरड्या बांबूनं तार झटकली नसती तर तो तिथंच संपला असता. जीव वाचला. उजवा हात नागपूरला मनगटापासून काढावा लागला.

चौकशी झाली. ऑफिसातले बाबू म्हणाले, सोमवारची नोंदच नाही. अल्कानं फोन पुढे केला. "हे काय हाये मंग? हिरवं दिसून नाई राहिलं का तुमाले?"

"तुमच्या फोनात असेल. आमच्या कॉम्प्युटरात नाही."

आठ दिवसांनी तिला नोटीस आली. धोक्याची माहिती वेळेत न कळवल्याबद्दल खुलासा करावा. अल्कानं ती तिथल्या तिथं टराटरा फाडली. मग तुकडे गोळा करून पिठाच्या खळीनं वहीच्या पानावर चिकटवले, कारण कागद लागणार हे तिला माहीत होतं.

नोव्हेंबरमध्ये कंपनीची माणसं सडक अर्जुनीला आली. ॲपमध्ये सुधारणा करायच्या होत्या, गस्तीवाल्यांना बोलावलं होतं. घनश्याम आता वनखात्याच्या नाक्यावर बसायचा. अल्का त्याला घ्यायला गेली तर तो म्हणाला, "मी नाई येत. माहा हात पाहतीन न चहा पितीन."

ती एकटी गेली. हेमेंद्र नावाचा तिशीतला माणूस पडद्यावर सुधारणा दाखवत होता. सर्वांत जास्त किलोमीटर चालणाऱ्याला तारे. नकाशाला नवे रंग. आणि पर्यटकांसाठी खुला नकाशा, ज्यात पाणवठे आणि जनावरं दिसल्याच्या जागा कोणालाही पाहता येतील. साहेब मान डोलवत होते.

अल्का उभी राहिली.

"नोंद पोचली का नाई पोचली, ते कुठं हाये यात?"

"मॅडम, ते पुढच्या टप्प्यात घेऊ," हेमेंद्र म्हणाला.

"पुढच्या कायले?" ती चालत टेबलापर्यंत गेली. जंगलात नसतंच तसं सगळ्यांसमोर फोनचं नेटवर्क बंद केलं, ॲप उघडलं आणि त्याच सभागृहाच्या जागेवर 'जिवंत तार' अशी नोंद केली. हिरवी खूण उमटली. फोन तिनं हेमेंद्रच्या लॅपटॉपशेजारी ठेवला. "आता तुमच्यात दाखवा."

हेमेंद्रनं पाहिलं. पुन्हा पाहिलं. "नाही आली," तो हळू म्हणाला.

"मंग हिरवं काऊन झालं?"

"फोनमध्ये सेव्ह झाली म्हणून. शिकाऱ्याला जागा स्वतःसाठीच ठेवायची असते ना. ती दुसऱ्याला पोचायची गरज नसते. ते आम्ही... बदललंच नाही."

"आमची नोंद आमच्यासाठी नसते! दुसऱ्यानं यावं म्हनून असते!" तिचा आवाज बाहेरच्या चहावाल्यापर्यंत गेला. "एका मानसाचा हात गेला त्या हिरव्यापायी. न तुमी तारे वाटून राहिले! न तो खुला नकाशा कोनासाठी? पानी कुठं हाये, जनावर कुठं येते, सारं तुमीच दाखवान, तर तार लावनाऱ्याले पाय झिजवाचं कामच नाई."

साहेब म्हणाले, "अल्काबाई, शांत बसा."

"मार्चपासून शांतच होती मी, साहेब."

हेमेंद्रनं लॅपटॉप बंद केला आणि खिशातून पेन काढलं. "मला सुरुवातीपासून सांगा," तो म्हणाला. ती उभ्यानंच बोलत राहिली, आणि मागच्या रांगेतले एकेक जण आपापल्या न पोहोचलेल्या नोंदी सांगू लागले. सतरा निघाल्या.

जानेवारीत नवं ॲप आलं. न गेलेली नोंद आता लाल राहते, आणि ऑफिसात कोणी पाहिली त्याचं नाव दिसतं. खुला नकाशा वगळला. पण नोटीस तशीच होती. साहेब म्हणाले, "बंद झाली समजा."

"समजाचं नाई. लिहून द्या."

तीन मंगळवार ती ऑफिसच्या बाकड्यावर बसली. चौथ्या मंगळवारी दोन ओळींचा कागद मिळाला: नोटीस मागे घेण्यात येत आहे. चूक कोणाची, ते नव्हतं. ती तडक नाक्यावर गेली. घनश्यामनं कागद डाव्या हातात धरून दोनदा वाचला.

"माहं नाव नाई यात," तो म्हणाला.

अल्काच्या कपाळाची शीर तडतडली. तिनं तिथंच बसून दुसरा अर्ज लिहिला: चूक ॲपची आणि ऑफिसची होती, असं घनश्यामला लेखी द्यावं. सही करायला त्याला बराच वेळ लागला. तिनं घाई केली नाही.

त्या अर्जाला अजून उत्तर नाही. ती दर मंगळवारी विचारायला जाते. बाबू तिला पाहिलं की खुर्ची पुढे सरकवतात. ती बसत नाही.