खासगी चावी : कोणालाही देऊ नये

परदेशात कॉम्प्युटर शिकून बडोद्याला परतताना मी विमानातच भाषण लिहून काढलं होतं. सॉफ्टवेअर मुक्त हवं, खासगीपणा हा हक्क आहे, वगैरे. वाटलं होतं, पेटलेली तरुण मंडळी भेटतील, वाद घालतील, घोषणा देतील. प्रत्यक्षात कारेलीबागेतल्या मिलिंदच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये रविवारी सकाळी पाच जण जमले. त्यांतले सगळ्यांत उत्साही म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले जगतापकाका. माझं भाषण संपल्यावर त्यांनीच पहिला प्रश्न विचारला, "ह्यात पत्रिका जुळते का गं?"

अशा मंडळींत किस्से गोळा करावे लागत नाहीत. कॉम्प्युटरच्या पंख्यात धूळ साठते तसे आपोआप साठतात. अधूनमधून उघडून झटकायचे, एवढंच!

* * *

मिलिंदने एकदा दारावर बोर्ड लावला : 'रविवारी फ्री सॉफ्टवेअर'. क्लास गच्च भरला! बायका पिशव्या घेऊन आल्या होत्या. मी हरखले. फ्री म्हणजे फुकट नव्हे, फ्री म्हणजे स्वातंत्र्य, हे अर्धा तास पोटतिडकीने सांगितलं.

पहिल्या रांगेतल्या एका गुजराती आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "बेन, आझादी तो १९४७मां मळी गई. सीडी आपो ने!"

* * *

पासवर्डमध्ये घरच्यांचं नाव ठेवू नका आणि तो कोणालाही सांगू नका, असं मी एका रविवारी बजावलं. पुढच्या रविवारी जगतापकाका काकींना घेऊन आले आणि अभिमानाने म्हणाले, "मी बदलला! आधी हिचं नाव होतं."

काकींनी विचारलं, "आता कोणाचं आहे?"

काका माझ्याकडे बघायला लागले. सांगायचं नाही, हा नियम माझाच! दहा मिनिटं त्यांनी तो पाळला. मग काकींनी पर्स उचलली, तसे ते सगळ्यांसमोर ओरडले, "श्रीखंड! श्रीखंड आहे गं!"

* * *

बडोद्याजवळच्या सावली गावी मावशीकडे गेले होते. तिथल्या सायबर कॅफेत नाव, पत्ता, कोणती साइट बघणार, सगळं वहीत लिहायचं होतं. मी तत्त्वाने भांडले. लोक काय वाचतात त्याची नोंद तुम्ही कशी ठेवता? मालक गडबडला नाही. त्याने वही माझ्याकडे फिरवली. अख्ख्या पानावर एकच नाव : रमेशभाई, रमेशभाई, रमेशभाई.

"अमारे त्यां रमेशभाई बहु आवे छे," तो म्हणाला.

मी पेन घेतलं. त्या दिवशी मीही रमेशभाई झाले!

* * *

आमच्या रविवारच्या मंडळाचं खरं काम मात्र एका शब्दावरून सुरू झालं. जगतापकाका मराठीत टाइप करायला शिकले आणि 'हिंचका', म्हणजे आमच्याकडचा झोपाळा, लिहिताच खाली लाल रेघ आली. "आयुष्य हिंचक्यावर गेलं माझं, आणि हा डबा म्हणतो शब्द चूक?"

तेव्हापासून आम्ही बडोद्याच्या मराठीची यादी करायला घेतली. काका आपल्या म्हाताऱ्या आईला विचारून, रेल्वेच्या जुन्या फॉर्मांच्या पाठीवर शब्द लिहून आणायचे. मी टाइप करायचे. यादी पूर्ण शुद्ध झाली की सगळ्यांसाठी खुली करायची, असं मी ठरवलं होतं. दोन वर्षं ती शुद्धच होत होती. तेवढ्यात काकांची आई गेली. फॉर्म रद्दीत गेले होते. उरली ती फक्त यादी.

* * *

आणि ती मी घालवली.

बेंगळुरूच्या एका संमेलनातून परतताना दुपारी गाडीत डोळा लागला आणि लॅपटॉपची बॅग गेली. मिलिंदच्या मशीनवर यादीचा बॅकअप होता, पण मी हौसेने कुलूपबंद केलेला. पासवर्ड डोक्यात होता. पण त्याच्या जोडीला चावीची फाइल लागते. तिची एक प्रत लॅपटॉपवर आणि एक फ्लॉपीवर. फ्लॉपीवर मी मराठीच्या अभिमानाने ठळक लेबल लावलं होतं : 'खासगी चावी. कोणालाही देऊ नये.'

फ्लॉपी कुठेच नव्हती. काकांचा फोन आला, "सामान गेलं तर जाऊ दे. यादी आहे ना?"

"आहे, काका," मी म्हणाले, आणि माळ्यावर चढले.

दोन दिवस मी घर उलटंपालटं केलं. शेवटी आईने विचारलं, "काय शोधतेस एवढं?"

"चावी!"

"मग खाली जा ना शालूकाकूंकडे! टेबलावर टाकून गेली होतीस, वर 'चावी' लिहिलेलं, म्हणून मीच नेऊन दिली. आपल्या चाव्या कुठे असतात?"

आमच्या सोसायटीत बाहेर जाताना प्रत्येक घराची चावी तळमजल्यावर शालूकाकूंकडे जाते. मी दोन-दोन पायऱ्या उतरत पळाले. त्यांच्या दारामागे खिळ्यांची रांग, आणि तिसऱ्या खिळ्यावर, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, माझी फ्लॉपी!

मी हात पुढे केला. काकूंनी चष्मा लावून लेबल वाचलं. "कोणालाही देऊ नये, लिहिलंय."

"काकू, मीच लिहिलंय ते!"

"तसं सगळेच म्हणतात." त्या ओट्यावर आल्या आणि वर बघून हाक मारली, "मालूताई! तुमची पोरगी चावी मागते. देऊ का?"

तिसऱ्या मजल्यावरून अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असं उत्तर आलं, "द्या, द्या! तिचीच आहे!"

मिलिंदच्या क्लासमध्ये फाइल उघडली. मी 'हिंचका' शोधला. होता. मिलिंदने पाण्याचा ग्लास पुढे केला, तेव्हा कळलं की मी रडतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती यादी आहे तशी, चुकांसकट, कुलूप काढून नेटवर टाकली. मग नवी चावी बनवली, नव्या फ्लॉपीवर तेच लेबल लावलं आणि ती शालूकाकूंना नेऊन दिली.